अमेरिकेत खिडक्या-दारं बदललीत आणि टॅक्स क्रेडिट घेताय? या चुका टाळा

फेब्रुवारी उजाडला की मंडळातल्या लोकांचे फोन सुरू होतात, आम्ही खिडक्या बदलल्या, क्रेडिट किती मिळेल सांग. (क्रेडिट म्हणजे घरात ऊर्जा वाचवणाऱ्या खिडक्या-दारं वगैरे बसवल्याच्या खर्चापोटी टॅक्समधून थेट वजा होणारी रक्कम.) आणि बहुतेक वेळा तोवर काम होऊन गेलेलं असतं, काचेवरचे स्टिकर कचऱ्यात गेलेले असतात, बिल एका ओळीचं असतं. मी सीपीए म्हणजे परवानाधारक अकाउंटंट नाही. पण न्यू जर्सीतल्या आमच्या घराच्या खिडक्या आणि दारं दोन टप्प्यांत बदलली, दोन्ही वेळा या क्रेडिटचा फॉर्म ५६९५ स्वतः भरला, आणि त्याच त्याच चुकांपायी लोकांचे पैसे जाताना बघून खरंच वाईट वाटतं म्हणून हे लिहितोय.

आधी नियम थोडक्यात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये इन्फ्लेशन रिडक्शन अॅक्ट आला त्यात हे क्रेडिट वाढवलं, १ जानेवारी २०२३ पासून खर्चाच्या ३० टक्के. खिडक्या आणि स्कायलाइट मिळून वर्षाला जास्तीत जास्त ६०० डॉलर, बाहेरच्या प्रत्येक दाराला २५० आणि सगळ्या दारांचे मिळून ५००. इन्सुलेशन, एनर्जी ऑडिट वगैरे धरून एकूण मर्यादा १२०० (हीट पंपाची २००० ची मर्यादा वेगळी). हे २०३२ पर्यंत चालणार होतं, पण ४ जुलै २०२५ ला नवा कायदा झाला आणि ३१ डिसेंबर २०२५ ला हे बंद पडलं. म्हणजे हे क्रेडिट मागायचा २०२५ चा रिटर्न हा शेवटचा.

पैसे कधी दिले ते बघितलं, खिडकी कधी बसली ते बघितलंच नाही

या चुकीने २०२५ च्या रिटर्नला सगळ्यात जास्त लोक अडकलेत. आमच्या ओळखीतला एक दादा, टाऊनहाउसमध्ये राहतो, समोरच्या खोलीत हिवाळ्यात इतका वारा यायचा की मुलं तिथे अभ्यासाला बसायची नाहीत. जुलैमध्ये कायद्याची बातमी आली तेव्हाच मी त्याला म्हटलं होतं की करायचं असेल तर लगेच कर. तो तीन महिने कोटेशन गोळा करत बसला, शंभर-दोनशे डॉलर इकडे का तिकडे. ऑर्डर दिली सप्टेंबर संपताना. मग एचओएची (घरमालकांच्या सोसायटीची) परवानगी हवी, त्यांची कमिटी महिन्यातून एकदा बसते, पहिल्या मीटिंगला फ्रेमच्या रंगावरून अडलं, परवानगी आली नोव्हेंबरमध्ये. त्यात खिडक्या मापाने बनवून घ्यायच्या, त्याला आणखी पाच आठवडे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बसवायचं ठरलं तर बर्फ पडला आणि काम गेलं ६ जानेवारीवर. सेल्समन म्हणाला काळजी करू नका, वर्ष संपायच्या आत पूर्ण पैसे भरा म्हणजे झालं. याने भरले.

तर तसं नसतं हो! या क्रेडिटसाठी खर्च कधी झाला धरायचं, तर बसवण्याचं काम पूर्ण झालं त्या दिवशी. चेक, डिपॉझिट, क्रेडिट कार्डची तारीख, कशाचाही उपयोग नाही. ६ जानेवारी २०२६ म्हणजे शून्य. त्याचे सरळ ६०० डॉलर गेले. वर त्या सेल्समनने बिलावर डिसेंबरची तारीख टाकून द्यायची तयारी दाखवली, दादाने मला विचारलं चालेल का. मी स्पष्ट नाही म्हटलं आणि तुम्हालाही तेच सांगेन. सहाशे डॉलरसाठी खोट्या कागदावर सही करून रिटर्न भरायचा, आणि उद्या आयआरएसचं (टॅक्स खात्याचं) पत्र आलं तर एचओएचे ईमेल, इन्स्टॉलरचं शेड्यूल सगळं तुमच्या विरुद्ध बोलणार. असले शॉर्टकट सुचवणाऱ्या माणसाकडून मी तर साधा बल्बही लावून घेणार नाही.

एनर्जी स्टार लिहिलंय म्हणजे झालं, असं समजणं

एनर्जी स्टार म्हणजे कमी ऊर्जा लागणाऱ्या वस्तूंना मिळणारं सरकारी लेबल. दाराला साधं एनर्जी स्टार चालतं. खिडकीला चालत नाही! खिडकीला एनर्जी स्टार मोस्ट एफिशियंट लागतं आणि ती यादी वेगळी आहे, बरीच कडक आहे आणि वर्षागणिक निघते. दुकानात मात्र निळा स्टिकर सगळ्यांवर सारखाच दिसतो.

एका वहिनींनी २०२४ मध्ये अकरा खिडक्या बदलल्या, बिलावर मोठ्या अक्षरात एनर्जी स्टार, टॅक्स क्रेडिटला पात्र असंही लिहिलेलं. मला त्यांनी मार्चमध्ये बिल पाठवलं, मी विचारलं स्टिकरचा फोटो आहे का, तर इन्स्टॉलरने सगळे सोलून नेलेले. मग कंपनीला फोन, सिरीयल नंबर शोधा, दोन आठवडे गेले आणि शेवटी कळलं की साधी डबल पेन (दोन थरांची) काच आहे, मोस्ट एफिशियंटच्या यादीत नाही. आणि त्याच मॉडेलची ट्रिपल पेनवाली खिडकी यादीत होती, हे जास्त लागलं त्यांना. एकाच मॉडेलमध्ये काच बदलली, आतला गॅस बदलला की आकडे बदलतात. त्यामुळे नुसतं मॉडेलचं नाव बघून काही कळत नाही, लेबलवरचा सीपीडी नंबर (त्या नेमक्या खिडकीचा सर्टिफिकेशन नंबर) बघायचा आणि तो यादीत शोधायचा. यू-फॅक्टर म्हणजे खिडकीतून किती उष्णता निसटते, जितका कमी तितका चांगला. उत्तरेकडच्या थंड भागात साध्या एनर्जी स्टारलाच आता साधारण ०.२२ किंवा त्याखाली लागतो, तेव्हा कोणी ०.२९ ची खिडकी क्रेडिट मिळेल म्हणून विकत होतं तर तिथून उठायलाच हवं होतं.

माझी सवय सांगतो. ऑर्डरवर सही करायच्या आधी सीपीडी नंबर लिहून मागतो. माल घरी आला की बसवायच्या आधी प्रत्येक खिडकीच्या स्टिकरचा फोटो, दुसरा फोटो ती खिडकी कुठल्या खोलीत जाणार त्याचा. बसवणारे घाईत असतात, वैतागतात, वैतागू देत. उत्पादकाचं सर्टिफिकेट त्यांच्या साइटवरून त्याच दिवशी उतरवून घेतो, कारण वर्षभराने ती पानं जागेवर असतीलच असं नाही. हे कागद रिटर्नला जोडायचे नसतात पण जपून ठेवायचे असतात.

मजुरी धरून ३० टक्के काढणं

खिडक्या-दारांना बसवण्याची मजुरी क्रेडिटमध्ये धरत नाहीत, फक्त मालाची किंमत. हीट पंपाला मजुरी धरतात म्हणून लोकांचा गोंधळ होतो. बिलात माल आणि मजुरी वेगळी लिहिलेली हवी, तीही काम सुरू व्हायच्या आधी लिहून घेतलेली, नंतर कोणी फोन उचलत नाही. तसं बघितलं तर २००० डॉलरचा माल झाला की खिडक्यांचे ६०० पूर्ण होतात, त्यापुढे कितीही खर्च केलात तरी त्या वर्षी जास्त नाही. म्हणून आम्ही निम्म्या २०२४ मध्ये आणि निम्म्या २०२५ मध्ये बसवल्या, दोन्ही वर्षी ६०० मिळाले. ज्यांनी घाई करून सोळा खिडक्या एकाच उन्हाळ्यात उरकल्या त्यांचे तेवढे गेले.

चार अक्षरांचा कोड

२०२५ मध्ये बसवलेल्या खिडक्या-दारांसाठी उत्पादकाचा चार अक्षरी कोड फॉर्म ५६९५ वर टाकावा लागतो. कोड नाही तर क्रेडिट नाही. उत्पादकाच्या साइटवर असतो, नसेल तर त्यांना ईमेल करा. सॉफ्टवेअरने विचारलं म्हणून कुठला तरी कोड ठोकून पुढे जाऊ नका, हे करणारे लोक मी पाहिलेत.

आता बाकीच्या भराभर. भाड्याने दिलेल्या घराच्या खिडक्यांना हे नाही, तुम्ही मालक आहात आणि मुख्यतः तिथेच राहता असं घर लागतं. नव्या बांधकामालाही नाही. पुण्यातल्या फ्लॅटला नाही, घर अमेरिकेतच हवं (हा प्रश्न मला दोन वेळा आलाय आणि विचारणाऱ्याने मनापासून विचारला होता, जगभरच्या उत्पन्नावर टॅक्स भरतो मग हे का नाही म्हणून). विक्रेत्याने किंवा उत्पादकाने रिबेट दिला असेल तर तो आधी किमतीतून वजा करा. घरातूनच स्वतःचा धंदा करत असाल आणि घराचा २० टक्क्यांपेक्षा जास्त भाग त्यासाठी असेल तर क्रेडिट त्या प्रमाणात कमी होतं. आणि जेवढं क्रेडिट घेतलं तेवढी रक्कम घराच्या कॉस्ट बेसिसमध्ये (विक्रीचा नफा काढताना धरायच्या खरेदी-खर्चात) धरता येत नाही, पुढे घर विकताना हे हमखास विसरतात.

रिफंडबद्दलही सांगतो. हे क्रेडिट तुमच्या एकूण टॅक्सपेक्षा जास्त मिळत नाही आणि उरलेलं पुढच्या वर्षी नेता येत नाही. पण मला रिफंड येतोय म्हणजे टॅक्स शून्य आहे, हे चूक आहे. रिफंड म्हणजे पगारातून जास्त कापलेले पैसे परत. वर्षाचा एकूण टॅक्स रिटर्नवर वेगळा दिसतो, तो बघा.

शेवटचं, ज्यांनी २०२३ किंवा २०२४ मध्ये बरोबर खिडक्या बसवल्या पण क्लेम करायचं राहिलं त्यांनी १०४०-एक्स भरून सुधारित रिटर्न द्या. साधारण तीन वर्षांची मुदत असते, म्हणजे २०२३ चा रिटर्न वेळेत भरला असेल तर १५ एप्रिल २०२७ पर्यंत. त्या दोन वर्षांना चार अक्षरी कोड लागत नाही, पण खिडकी मोस्ट एफिशियंट हवीच, तेव्हा आधी सर्टिफिकेट शोधा आणि मग फॉर्मला हात लावा.