मंत्रचळावर व्हीआरच्या साहाय्याने उपचार कसे घ्यावेत

हात धुऊन झाल्यावर नळ कोपराने बंद करायचा आणि मग कोपर नळाला लागले म्हणून पुन्हा पहिल्यापासून हात धुवायचे, असे दिवसातून तीस-चाळीस वेळा करणारी व्यक्ती घरात असली, तर ‘ती जरा जास्तच सोवळ्याची आहे’ असे म्हणून आपण तो विषय वर्षानुवर्षे टाळतो. बोटांच्या पेरांना भेगा पडतात, साबण झोंबू लागतो, तरी हात थांबत नाहीत. हा मंत्रचळ, म्हणजेच ओसीडी आहे. तो स्वभाव नसून आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

त्यातील सर्वांत भरवशाच्या मानसोपचाराला ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’ म्हणतात. ज्याची भीती वाटते त्याला सामोरे जायचे आणि त्यानंतर धुण्याची किंवा तपासण्याची कृती करायची नाही, असे त्याचे सूत्र आहे. लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये या पद्धतीने बरे वाटलेल्या दोन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी) हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर लावल्यावर आपण दुसऱ्याच ठिकाणी आहोत असा भास देणारा चष्मा, यातील फक्त पहिला भाग सोपा करतो, दुसरा भाग रुग्णालाच करावा लागतो.

सुरुवात निदानापासून करावी. मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ येल-ब्राउन मापनश्रेणीवर आजाराची तीव्रता ० ते ४० गुणांत मोजतात. हा आकडा लिहून ठेवावा, कारण पुढे सुधारणा झाली की नाही हे त्यावरूनच कळते. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयापासून विचारपूस सुरू करता येईल, आणि कोणाकडे जावे हे समजत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. फिट्स येत असतील किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल, तर हेडसेट लावण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे. चालू असलेल्या गोळ्या मनाने बंद करू नयेत, कारण त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला अनेकदा आठ ते बारा आठवडे लागतात.

यानंतर तज्ज्ञांसोबत बसून भीतीची उतरंड तयार करावी. प्रत्येक प्रसंगाला ० ते १०० पैकी गुण द्यावेत. एखाद्या गृहिणीसाठी ती अशी असू शकेल: शेजारणीच्या दाराची कडी ३०, केएमटीच्या (शहर वाहतुकीच्या) बसमधील दांडा ५५, मध्यवर्ती बसस्थानकावरील स्वच्छतागृह ९०. येथे एक आग्रह जरूर धरावा. परदेशी बनावटीच्या चकचकीत स्वच्छतागृहाचे तयार दृश्य पाहून कोल्हापूरच्या माणसाला किळस येईलच असे नाही, म्हणून शक्य असल्यास ३६० अंशांच्या कॅमेऱ्याने आपल्याच बसचे, आपल्याच स्थानकाचे चित्रण करून घेता येईल का, हे विचारावे.

प्रत्यक्ष सत्रात हेडसेट लावण्याआधी ‘हा दांडा धरला तर काय होईल?’ या प्रश्नाचे उत्तर रुग्णाने स्वतःच्या शब्दांत कागदावर लिहावे. मग दृश्यात थांबायचे. छाती धडधडेल, तळहातांना घाम येईल, आत्ताच्या आत्ता धुवावेसे वाटेल, आणि तरीही धुवायचे नाही. मनातल्या मनात आकडे मोजणे किंवा केवळ दोष घालवण्यासाठी देवाचे नाव घेणे हीसुद्धा धुण्याचीच दुसरी तऱ्हा आहे (श्रद्धेने केलेला जप वेगळा, आणि तो कोणी सोडायला सांगत नाही). शेवटी कागदावरचे भाकीत वाचून खरोखर काय घडले ते शेजारी लिहावे. अस्वस्थता पूर्ण शमली नाही तरी चालते, पण ती सोसता येते हे कळणे फार महत्त्वाचे आहे.

व्हीआरचा कमकुवतपणाही समजून घ्यावा. त्यात वास नसतो आणि स्पर्शही जवळजवळ नसतो, त्यामुळे ‘हे कुठे खरे आहे?’ अशी समजूत घालून रुग्ण मनातल्या मनात पळ काढू शकतो. काही तज्ज्ञ यासाठी दृश्य चालू असतानाच हातात खरी वस्तू देतात. कसेही असले, तरी ज्या पायरीचा सराव हेडसेटमध्ये झाला, ती त्याच आठवड्यात खऱ्या बसमध्ये चढून पूर्ण करावी, नाहीतर सगळी मेहनत त्या खोलीतच राहते. उंचीच्या भीतीवरील व्हीआर उपचारांचे संशोधन १९९५ पासून प्रसिद्ध होत आहे, मात्र ओसीडीवरील अभ्यास अजून मोजके आणि लहान आहेत. म्हणून जवळपास हेडसेटची सोय नसेल तर त्यासाठी थांबू नये, हाच उपचार त्याविनाही उत्तम होतो. मोबाईलवरील ॲप घेऊन घरी एकट्याने प्रयोग मात्र करू नयेत.

घरच्यांचे काम अवघड आहे, कारण ते मायेच्या विरुद्ध वाटते. ‘हात स्वच्छ आहेत ना गं माझे?’ या प्रश्नाला ‘हो गं, आहेत’ असे दहा वेळा सांगितले, की अकराव्यांदा तो प्रश्न येतोच. रागावू नये, टोमणा तर मारूच नये. ‘वहिनी, याचं उत्तर मी देणार नाही, हे आपलं डॉक्टरांपुढं ठरलंय, पण मी इथं तुमच्याजवळ बसते,’ एवढेच म्हणावे आणि खरोखर बसावे, ती बसमधून आलेल्या हातांनीच चहाचे आधण ठेवेपर्यंत.