हिरवा सॉस हिरवाच राहावा म्हणून

कोथिंबीर, पार्सली किंवा बेसिलचा सॉस वाटताना छान हिरवा दिसतो आणि तासाभरात शेवाळी पडतो. त्यावर उपाय सोपा आहे: वाटण्याआधी पानांना गरम पाण्याचा चटका द्यायचा.

१. ६० ग्रॅम पानं (साधारण दोन गच्च मुठी) खळखळत्या पाण्यात १० ते १५ सेकंद बुडवा, लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. जास्त वेळ ठेवलीत तर वास उडतो.

२. पानं मुठीत घट्ट पिळा. पाणी राहिलं तर सॉस पातळ होतो, तेल वेगळं तरंगतं.

३. तासभर भिजवलेल्या सूर्यफुलाच्या ३ चमचे बिया, लसणाची १ पाकळी, पाव चमचा मीठ आणि २ चमचे गार पाणी घालून मिक्सर थांबत थांबत फिरवा. सलग फिरवला की भांडं तापतं आणि रंग पुन्हा जातो. या बियांमुळे चीज किंवा क्रीम न घालताही दाटपणा येतो.

४. ऑलिव्ह तेल (३ चमचे) शेवटी हाताने ढवळा, मिक्सरमध्ये ते कडवट होऊ शकतं.

लिंबू मात्र वाढतानाच पिळा. आंबटपणाने हिरवा रंग हमखास मरतो, आणि बहुतेकांची चूक इथेच होते.

कच्चा लसूण तेलात असल्याने हा सॉस बाहेर ठेवू नका. फ्रिजमध्ये तीन दिवस, नाहीतर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.