स्टेपनीच्या हवेवर चालणारा वॉशर

माझ्या 1968 च्या फोक्सवॅगन बीटलमध्ये पुढच्या काचेवर पाणी उडवणाऱ्या वॉशरला मोटर नाही. पुढच्या डिकीतल्या पाण्याच्या बाटलीला एका नळीतून स्टेपनीची हवा मिळते. बटण फक्त पाण्याची वाट मोकळी करतं, ढकलायचं काम हवेचं. डोकं कोणाचं होतं कोण जाणे, पण भन्नाट.

तक्रार अशी, की काचेवर चार थेंब ओघळायचे आणि आठवड्यात स्टेपनी बसायची. मी आधी नोझलवर संशय घेतला. बारीक तारेने टोचून साफ केलं, क्षार निघाला, फरक शून्य. मग ब्रशने सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावलं. बाटलीच्या झाकणाभोवती बारीक फेस फुगायला लागला. झाकणातला रबरी वॉशर, म्हणजे गळती थांबवणारी चकती, दगडासारखा कडक झालेला, नखाने दाबला तर खळकन तुकडा पडला. हवेची नळीही टोकाला चिरलेली होती. तेवढं टोक कापून पुन्हा बसवलं, झाकणाला नवा रबरी वॉशर घातला.

स्टेपनीत साधारण 40 पीएसआय हवा भरली. नळीतला व्हॉल्व्ह हवा ठरावीक पातळीखाली गेली की वाट बंद करतो, म्हणजे टायर अगदीच रिकामा होत नाही. तरी महिन्यातून एकदा गेज लावतोच.

पाणी भरताना मात्र आधी नळी स्टेपनीवरून सोडवा आणि झाकण हळूहळू फिरवा. मी घाई केली, चष्म्यासकट आंघोळ झाली.