घाटात काच धुरकट झाली तर एसी कसा लावायचा

पावसाळ्यात इगतपुरी सोडून कसारा घाटात शिरलं की समोरची काच धुरकट होते. आधी वायपर एकदा फिरवा. काच साफ झाली तर दव बाहेरून धरलंय: एसीच्या झोताने काच गार पडते आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर जमते. तापमान २५-२६ वर न्या, काचेवरचा झोत पायाकडे वळवा.

वायपरने फरक पडला नाही तर वाफ आतली, श्वासाची आणि ओल्या कपड्यांची. डीफ्रॉस्ट (समोरच्या काचेवर हवा सोडणारं बटण) लावा, एसी सुरूच ठेवा, तापमान थोडं वाढवा आणि रीसर्क्युलेशन (गाडीत गोल वळलेल्या बाणाचं बटण) बंद करा. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. गारव्यासाठी ते बटण चालूच राहतं आणि ओलावा आतच फिरतो. हाताने काच पुसू नका, तेलकट पट्ट्यांवर समोरच्या गाडीचे दिवे फाकतात.

थंडीत निफाडकडे पहाटे निघताना हीटरसोबतही एसी लावा, तो हवा कोरडी करतो. मात्र पारा शून्याच्या आसपास गेला की बऱ्याच गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर (एसी चालवणारा पंप) चालतच नाही. मग हीटर आणि बाहेरची हवा, एवढ्यावरच भागवायचं.