ॲलर्जीच्या टेस्टमध्ये सगळीच झाडं पॉझिटिव्ह आली, तर?

वावळ, वेडी बाभूळ, महारुख, एरंड, वर गवतही. स्किन प्रिक टेस्टच्या (त्वचेवर परागाच्या अर्काचा थेंब ठेवून हलकं टोचायचं) रिपोर्टात ओळीने सगळी पॉझिटिव्ह आली, तरी सगळ्यांचा त्रास असेलच असं नाही. परागकणांत काही प्रथिनं सामाईक असतात. प्रोफिलिन जवळपास प्रत्येक वनस्पतीत सापडतं, पोलकॅल्सिन फक्त परागात. एका झाडाविरुद्ध तयार झालेलं आयजीई (ॲलर्जी घडवणारं प्रतिपिंड) बाकीच्यांच्या परागालाही चिकटतं. खरे गुन्हेगार त्यातले बऱ्याचदा एक-दोनच असतात.

टेस्ट नीट व्हायला हवी. डॉक्टरांना विचारून सेट्रिझिनसारख्या गोळ्या साधारण ७ दिवस आधी बंद करा. सर्दीच्या मिश्र गोळीतलं क्लोरफेनिरामिन हमखास विसरलं जातं; मग तुलनेसाठी टोचलेल्या, एरवी हमखास गाठ उठवणाऱ्या हिस्टामिनचीही गाठ उठत नाही आणि टेस्ट फुकट जाते. नाकातला स्टेरॉइड स्प्रे आणि दम्याचा पंप मात्र चालूच ठेवा. दमा आटोक्यात नसेल तर टेस्ट पुढे ढकला. गाठ १५ ते २० मिनिटांनी मोजतात. तुलनेसाठी टोचलेल्या सलाइनच्या गाठीपेक्षा किमान ३ मिमी मोठी हवी.

आता वही काढा. तारीख, कुठे होतात, नाक, डोळे, छाती: प्रत्येकाला ० ते ३ गुण. मग फुलोऱ्याशी ताडून पाहा. वावळ साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, पानं झडलेली असताना फुलतो. उन्हाळ्यात उडणाऱ्या त्याच्या चकत्या म्हणजे फळं; त्या आणि सावरीचा कापूस उगाच बदनाम आहेत. नाशिकजवळ निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत गंधकाची भुकटी धुरळल्यावर नाक चुरचुरतं, ती ॲलर्जी नव्हे, त्या दिवसावर वेगळी खूण करा.

कच्चा टोमॅटो, खरबूज किंवा केळं खाल्ल्यावर तोंड खाजतं, पण टोमॅटोचं सार चालतं? मग प्रोफिलिनचा संशय घ्या. ते उष्णतेने मोडतं. त्याविरुद्धचं आयजीई रक्तातून तपासता येतं. घसा सुजला, दम लागला किंवा अंगावर गांध्या उठल्या तर मात्र थेट हॉस्पिटल गाठा.

इम्युनोथेरपी (त्याच परागाचे वाढते डोस देऊन शरीराला सवय लावणं) किमान ३ वर्षं चालते. म्हणून दहा परागांची खिचडी टोचून घेऊ नका. वहीशी जुळणारे एक-दोनच निवडायला सांगा. स्टेरॉइड स्प्रे हंगामाच्या दोन आठवडे आधी सुरू करा. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, टोक कानाच्या दिशेने. मधल्या पडद्यावर फवारलं तर नाकातून रक्त येऊ शकतं.