व्यापारी चेंबरचा इतिहास कसा लिहावा

गावच्या व्यापारी चेंबरला पन्नास-पंचाहत्तर वर्षे झाली की स्मरणिका काढण्याचा ठराव होतो आणि बहुधा माजी अध्यक्षांची छायाचित्रे व शुभेच्छांच्या जाहिराती यांतच तिची पाने संपतात. खरा इतिहास लिहावयाचा असेल, तर कार्यकारिणीची इतिवृत्त-पुस्तके प्रथम हाती घ्यावीत.

स्थापनेचे वर्ष ऐकीव माहितीवरून लिहू नये, कारण पहिली सभा आणि नोंदणी यांच्या तारखा वेगवेगळ्या असू शकतात. संस्था सार्वजनिक न्यास असल्यास तिची कागदपत्रे धर्मादाय आयुक्त कार्यालयात, कंपनी असल्यास कंपनी निबंधकांकडे पाहावीत.

त्यानंतर चेंबर कोणाचे होते, हे सभासद-नोंदवहीवरून ठरवावे. मुंबईत 1836 साली निघालेल्या बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्सवर युरोपीय पेढ्यांचा वरचष्मा होता. 1907 मध्ये भारतीय व्यापाऱ्यांनी इंडियन मर्चंट्स चेंबर काढले, 1927 मध्ये वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र चेंबर आणि 1934 मध्ये पुण्यात मराठा चेंबर उभे राहिले. आधीची संस्था असताना नवी का लागली, हा प्रश्न आपल्या गावालाही लावावा; किराणा, भुसार आणि कापड यांच्या वेगळ्या संघटना असतील, तर तो अधिकच महत्त्वाचा ठरतो.

सर्वांत जास्त वेळ मात्र एखाद्या दीर्घ तक्रारीला द्यावा. जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, हा त्यासाठी उत्तम विषय आहे: पुण्यात 1 एप्रिल 2013 पासून तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, व्यापाऱ्यांनी बंद पाळले, 1 ऑगस्ट 2015 पासून पन्नास कोटींहून कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली आणि 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. अशा काळातील ठराव कोणी मांडला आणि अनुमोदन कोणी दिले, हे टिपावे. ‘चर्चेअंती विषय पुढील सभेवर ठेवण्यात आला’ एवढीच ओळ असेल, तेथे बहुधा खडाजंगी झालेली असते. म्हणून त्याच आठवड्यातील स्थानिक वृत्तपत्र आणि नगरपालिकेचे इतिवृत्त शेजारी ठेवून वाचावे.

अडत्यांच्या आठवणी घेताना हमाल आणि तोलणार यांनाही भेटावे, कारण मजुरीच्या वादाची दुसरी बाजू चेंबरच्या दप्तरात सहसा सापडत नाही. मूळ पुस्तके घरी नेऊ नयेत. कार्यवाहांच्या लेखी परवानगीने त्यांची छायाचित्रे काढून एक संच गावच्या वाचनालयात द्यावा.