पार्किंगच्या शटरचा रिमोट पुन्हा जोडताना

भिंतीवरच्या बटणाने शटर चालतं आणि रिमोटने हलत नाही, तर मोटर ठीक आहे. आधी रिमोटचा सेल बघा. आमचा १२ व्होल्टचा २३ए सेल मीटरवर १० च्या खाली होता. रिमोटचा दिवा लागायचा, पण रेंज दोन हातांवर आली होती. मुंबईच्या पावसाळ्यात सेलच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला.

तरीही चालेना, म्हणून रिसीव्हर, म्हणजे रिमोटचा सिग्नल पकडून मोटर चालवणारा डबा, उघडला. झाकण काढताना मेन स्विच बंदच हवा, आत २३० व्होल्ट असतात. मग वीज चालू करून लर्न बटण (नवा रिमोट ओळखायला शिकवणारं) प्लास्टिकच्या काडीने एकदाच दाबलं, रिसीव्हरचा दिवा लागताच रिमोटचं बटण दोनदा दाबलं. दिवा लुकलुकला, कोड बसला.

घोळ इथेच होतो. लर्न बटण आठ-दहा सेकंद धरलं, तर बऱ्याच रिसीव्हरमधून सगळेच रिमोट पुसले जातात. रिमोट हरवला असेल तर मात्र हेच करावं आणि उरलेले एकेक करून पुन्हा जोडावेत.

स्वस्त कॉपी रिमोट फक्त फिक्स्ड, म्हणजे कायम एकच राहणारा कोड उचलतो. रोलिंग कोड दर वेळी बदलतो, तिथे रिमोट रिसीव्हरलाच शिकवावा लागतो.

रिसीव्हरच्या अँटेनाची तारही बघा: ४३३ मेगाहर्ट्झच्या रिमोटसाठी सुमारे १७ सेंटीमीटर, सरळ आणि लोखंडी पेटीबाहेर.